टाकीचा तळ

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत
पंप-नोझलच्या दुकानात माझा बाक आहे.
बावीस वर्षं मी एवढंच बघतोय –
काचेच्या नळीत उडणारा फवारा
सरळ आहे की तिरका.

त्या दुपारी संपत नेजदार आला तो
चपला न काढताच आत.
"दस्तगीरभाई, त्या भज्याच्या तेलानं
घात केला बगा माझा."
केर्लीच्या चढावर, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या,
ट्रॅक्टर धाप लागून बसला
तो बसलाच.
मागच्या एस.टी.तनं लोक उतरून चालत गेले,
जाता जाता सल्ला देऊन गेले.

तेल शालन मगदूमचं.
शिरोलीला पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या टाक्या.
पहाटे टेम्पो घेऊन फिरते,
भज्यांच्या गाड्या, फरसाणवाले, दोन मंगल कार्यालयं.
काळं पडलेलं, चार-चारदा तळलेलं,
कढईनंही आता नको म्हटलेलं तेल
डबे भरून आणते.
आंबटपणा थेंबाथेंबानं मोजते,
बाटलीत गुलाबी रंग टिकेपर्यंत.
रसायनात नापास झाले होते, म्हणते,
आणि हसते.

"आधी वीस टक्केच मिसळा," तिनं बजावलं होतं,
"आणि जादा फिल्टर जवळ ठेवा, दोन तरी."
संपतनं पहिलं ऐकलं.
दुसरं कोण ऐकतं?

फिल्टर काढला, हॅक्सॉनं उभा कापला.
आत काळा लगदा,
काहिलीच्या बुडाला करपून राहतो तसा.
"ही बगा तेलातली घाण!"
मी काही बोललो नाही.
टाकीचं झाकण काढून बॅटरी मारली,
आणि बॅटरी त्याच्याच हातात दिली.

निम्मी टाकी लख्ख.
शोरूममधनं आणली त्या दिवशी असेल
तसा पत्रा.
निम्म्या टाकीला अजून जाड साय –
सतरा वर्षांचं डिझेल,
पावसाळ्यात झाकणातनं झिरपलेलं पाणी,
थोरल्या भावानं कुठल्या कुठल्या कॅनमधनं
रात्री-अपरात्री ओतलेलं, देव जाणे काय.

बराच वेळ वाकून बघत राहिला.
मग हळूच,
"हे आधीपासनं होतं व्हय?"

होतं.
तळाशी बसलेलं कुणाला त्रास देत नाही.
डिझेल वरनं येतं, वरनं जातं,
तळाशी बोलायची त्याला सवय नसते.
हे तेल कढईत राहून आलंय,
चिकटलेलं कसं सुटतं
ते त्याला ठाऊक.

खोटं नाही बोलणार, त्याच्याही खोडी आहेत.
जुन्या रबराचे पाइप खातं,
फुगवून मऊ करून टाकतं.
पौषातल्या पहाटे कॅनमध्ये
तुपासारखं थिजून बसतं.
हवेतलं पाणी ओढतं, फार ठेवलं तर बिघडतं,
चढावर घोटभर ताकद कमीच.
हे मी शालनलाही तोंडावर सांगितलंय.
तिनं वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळपर्यंत टाकी धुतली,
पाइप बदलले, फिल्टर नवा बसवला,
जादाचे दोन संपतनं न सांगता
सीटखाली ठेवले.
हातपंप मारून हवा काढली, चावी फिरवली.
एक खोकला, दुसरा खोकला,
मग धरलंच इंजिन.
धूर विरळ, अंगावर न येणारा.
समोरच्या लेथवरची पोरं माना वर करून –
"भजी कुठं तळाय लागल्यात रं?"
चहावाल्यानं स्वतःची शेगडी बघितली.

शालननं खाली उरलेल्या गाळाचा
साबण करून दिलाय, तपकिरी ओबडधोबड वड्या.
बोटांच्या रेघांतलं काळं
आता जरा फिकट दिसतं. जरा.

रात्री जेवायला बसलो.
ताट ठेवता ठेवता बायको थांबली,
माझ्या बाहीचा वास घेतला.
"बाहेरनं खाऊन आलाय व्हय?"

आता हिला कुठनं सुरुवात करून सांगू –
केर्लीचा चढ, टाकी, ती साय...
म्हटलं,
वाढ.